घाटाखालचं डायलिसिस

किडनीचं काम मशीनकडून एकदा करून घ्यायचं तर साधारण चार तास लागतात, आणि त्या चार तासांत १२० लिटर शुद्ध पाणी खर्च होतं. हिशेब सोपा आहे. डायलायझर म्हणजे वीतभराहून थोडं लांब पारदर्शक नळकांडं. त्यात हजारो अतिसूक्ष्म पोकळ तंतू भरलेले असतात. तंतूंच्या आतून रक्त वाहतं आणि बाहेरून, उलट दिशेनं, ठरावीक क्षार मिसळलेलं पाणी. युरिया, क्रिएटिनीन, जादा पोटॅशियम तंतूंच्या भिंतीतून त्या पाण्यात उतरतं आणि पाणी गटारात जातं. त्याचा वेग मिनिटाला अर्धा लिटर. तासाला तीस, चार तासांना १२०. आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेणाऱ्या पेशंटचं रक्त २४० लिटर पाण्याच्या शेजारून जातं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. एवढं पाणी आपण दोन-तीन महिन्यांतही पीत नाही. म्हणूनच डायलिसिसचं पाणी पिण्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी शुद्ध असावं लागतं, आणि ते शुद्ध करतानाच आणखी बरंच पाणी वाहून जातं.

बुलढाणा जिल्ह्यात पाण्याबद्दल बोलायचं तर आधी विचारावं लागतं, घाटावर की घाटाखाली? अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याचे दोन भाग करते. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. खाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. घाटावरची पैनगंगा शेवटी गोदावरीच्या खोऱ्यात जाते, घाटाखालची पूर्णा तापीला मिळते. एकाच जिल्ह्यावर पडलेला पाऊस दोन वेगळ्या समुद्रांना जातो.

पूर्णेचं खोरं सातपुडा आणि अजिंठा यांच्यामधला सखल पट्टा आहे आणि तो शेकडो फूट खोल गाळानं भरलेला आहे. गाळात चिकणमाती जास्त, निचरा मंद, त्यामुळे क्षार वाहून न जाता जमिनीच्या पोटातच राहिले. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली जवळपास नऊशे गावं या खारपाणपट्ट्यात येतात. बोअर मारली की पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी वान धरणावरून १४० गाव पाणीपुरवठा योजना आणावी लागली ती यामुळेच.

याच पट्ट्यातून किडनीच्या पेशंटांच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. गावातले लोक त्याचं नातं पाण्याशी जोडतात. मधुमेह, रक्तदाब, उन्हातली मजुरी, मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांनीही किडनी जाते, तेव्हा सगळा दोष एकट्या खारट पाण्यावर टाकता येणार नाही. पण एवढं खरं की ज्या भागात चांगलं पाणी दुर्मीळ, त्याच भागाला पाण्यावर चालणारा हा उपचार हवा आहे. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही डायलिसिस होतं. मशीन जिल्ह्याच्या ठिकाणाहून तालुक्याकडे सरकली पाहिजेत, यात शंकाच नाही. आठवड्यातून दोनदा एसटीनं किंवा भाड्याच्या गाडीनं खामगाव-अकोल्याच्या फेऱ्या मारणाऱ्या पेशंटची आणि त्याच्यासोबत मजुरी बुडवून येणाऱ्या माणसाची दमछाक थांबते, गाडीचं इंधनही वाचतं. मात्र प्रत्येक नव्या मशीनमागे पाण्याचा एक नवा पाट वाहायला लागतो, आणि तो कुठे जातो हे फारसं कुणी पाहत नाही.

तो पाहायचा तर आरओच्या खोलीत जावं लागतं. डायलिसिस सेंटरमधली ही सगळ्यात दुर्लक्षित खोली. टाकीतलं पाणी मोटरनं आधी वाळूच्या फिल्टरमध्ये येतं, गढूळपणा तिथे अडतो. मग कार्बनचा फिल्टर, जो क्लोरीन शोषून घेतो. क्लोरीन, आणि त्याहून जास्त क्लोरामाइन, रक्तापर्यंत पोचलं तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून टेक्निशियननं सकाळी पहिला पेशंट लावायच्या आधी क्लोरीनची चाचणी करायची असते. पुढे सॉफ्टनर. त्यातलं रेझिन पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. रेझिन थकलं की ते मिठाच्या पाण्यानं धुतात. जमिनीतच मीठ असलेल्या या पट्ट्यात आरओच्या खोलीत मिठाची पोती रचलेली असतात ती यासाठी. शेवटी आरओची लांब पांढरी नळकांडी. पंप पाणी जोरात दाबतो, मेम्ब्रेनमधून जवळपास नुसतं पाणीच पार होतं, क्षार अलीकडे राहतात. तिथून दोन नळ्या निघतात. दोन्हींवर एकेक उभा पारदर्शक मीटर आणि त्यात वरखाली होणारा छोटा तरंगता खुंट. एक मीटर शुद्ध पाण्याचा, दुसरा रिजेक्टचा. पहिली नळी मशीनकडे जाते. दुसरी भिंतीला पाडलेल्या भोकातून सरळ गटारात.

समजा, एका सेंटरमध्ये पाच मशीन आहेत आणि दिवसाला दोन पाळ्या चालतात. म्हणजे रोज दहा डायलिसिस. मशीन धुणं आणि निर्जंतुक करणं धरून प्रत्येकाला दीडशे लिटर शुद्ध पाणी पकडू. रोजचे १,५०० लिटर. आरओ अर्धं पाणी पार करत असेल आणि अर्धं टाकत असेल, तर तेवढंच, म्हणजे आणखी १,५०० लिटर रिजेक्ट. जलजीवन मिशननं गावातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी देण्याचं ठरवलं आहे. त्या मापानं २७ माणसांचं दिवसभराचं पाणी या दुसऱ्या नळीतून जातं.

या पाण्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. 'डायलिसिसचं पाणी' म्हटलं की रक्त, जंतू, संसर्ग असं चित्र मनात उभं राहतं, आणि ते पुन्हा वापरायचं म्हटलं की मावशींपासून डॉक्टरांपर्यंत सगळे अंग चोरतात. पेशंटच्या शरीरातली घाण घेऊन बाहेर पडणारं पाणी वेगळं असतं, आणि ते सांडपाण्यातच गेलं पाहिजे. रिजेक्ट पाणी मशीनपर्यंत पोचतच नाही. ते पेशंटच्या खोलीत शिरण्याआधीच बाजूला काढलेलं असतं, वाळू आणि कार्बनमधून गाळलेलं असतं, फक्त त्यात क्षार वाढलेले असतात. चुकीचं घडतं ते पुढे, एकाच गटारात दोन्ही मिसळली जातात तिथे. मला वाटतं, दवाखान्यांचं पर्यावरणाचं बहुतेक ओझं असंच तयार होतं. स्वच्छ वस्तू शेवटच्या क्षणी घाणीत टाकली जाते आणि मग सगळंच घाण म्हणून मोजावं लागतं. कचऱ्यातही हेच होतं, त्याकडे पुढे येऊ.

ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरातले किडनीतज्ज्ञ जॉन एगर यांनी दुष्काळाच्या वर्षांत हे दुसऱ्या नळीतलं पाणी गटारातून वाचवलं. टाकीत साठवून ते रुग्णालयातली स्वच्छतागृहं, निर्जंतुकीकरणाची वाफ, साफसफाई आणि बाग यांना दिलं. पुढे त्यांनी सौरऊर्जेवर डायलिसिस चालवण्याचे प्रयोगही केले. 'हरित डायलिसिस' या विषयाला जगभर जी चालना मिळाली तिच्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांचं काम वाचताना आपल्याकडे हे उद्याच करता येईल असं वाटतं. करता येईलही, पण जिलाँगचं पाणी मुळात गोडं आहे. तिथला नमुना जसाच्या तसा संग्रामपूरला आणला तर तो फसेल.

इथे टीडीएस मीटर हातात घ्यावा लागतो. पेनाएवढं हे यंत्र काहीशे रुपयांत मिळतं आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजून आकडा दाखवतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ५०० पर्यंत चांगलं मानतं, दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतं. आरओ अर्धं पाणी टाकतो तेव्हा जवळपास सगळे क्षार त्या अर्ध्यात जमा होतात, म्हणजे आकडा दुप्पट होतो. धरणाचं ४०० चं पाणी आत गेलं तर बाहेर ८०० येतं. बोअरचं २,००० चं गेलं तर ४,०००. दोन्ही पाण्याचा उपयोग वेगळा.

आठशेच्या पाण्यानं जवळपास सगळी धुणी-पुसणी निघतात. ते सॉफ्टनरमधून आलेलं असल्यानं साबणाला फेस चांगला येतो आणि नळांवर पांढरे थर बसत नाहीत. चादरी, गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे धुवायला याच्यासारखं पाणी नाही. चार हजारचं पाणी कपड्यांच्या पहिल्या धुण्याला चालेल, पण शेवटचं खळबळणं साध्या पाण्यानंच करावं लागेल. फ्लशला मात्र ते बेलाशक वापरावं. दवाखान्यात फ्लशएवढं पाणी फारच थोड्या ठिकाणी जातं, आणि तिथे प्यायच्या पाण्याची काहीच गरज नसते. लोखंडी फिटिंग गंजतील, म्हणून नळ आणि टाक्या प्लॅस्टिकच्या असाव्यात. ऑटोक्लेव्हच्या वाफेसाठी खारट पाणी वापरू नये, यंत्र खराब होतं.

बागेबद्दल मला जरा ठासून सांगायचं आहे, कारण वाचलेलं पाणी म्हटलं की हात आधी झाडांकडे जातो. घाटाखालच्या काळ्या जमिनीत सोडियम आधीच जास्त आहे. सॉफ्टनरनं पाण्यातलं कॅल्शियम काढून नेमकं सोडियमच घातलेलं असतं. असं पाणी चिकणमातीवर रोज ओतलं की मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पावसाचं पाणी मुरेनासं होतं आणि वाळल्यावर वरचा थर घट्ट कडक होतो. शेतकरी तिला चोपण जमीन म्हणतात, आणि ती सुधारायला जिप्सम टाकत वर्षं जातात. दवाखान्याच्या आवारातला निंब जगवायच्या चांगल्या हेतूनं आवारच चोपण करून ठेवणं कुणाच्याच फायद्याचं नाही. घाटावर, जिथे येळगाव धरणासारखं गोडं पाणी आहे आणि जमिनीचा निचराही बरा आहे, तिथे थोडं पाणी साध्या पाण्यात मिसळून झाडांना देता येईल. एकाच जिल्ह्यात दोन नियम ठेवावे लागतात ते असे.

साठवण्यातही एक खाच आहे. कार्बननं क्लोरीन काढून घेतलेलं असतं, त्यामुळे या पाण्यात जंतू लवकर वाढतात. टाकी झाकलेली हवी, पाणी एक-दोन दिवसांत संपवायला हवं, आणि नळाला वेगळा रंग देऊन 'पिऊ नये' असं मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. उन्हाळ्यात तहानलेला नातेवाईक कुठल्याही नळाला तोंड लावतो.

याहून मोठी बचत आरओच्या अलीकडे आहे, आणि ती आकाशातून येते. घाटाखाली वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तरी ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर साडेतीन लाख लिटर पाणी पडतं. वीस टक्के सोडून दिलं तरी दोन लाख ऐंशी हजार लिटर उरतं. वर मोजलेल्या सेंटरचं रोजचं तीन हजार लिटर धरलं तर हे तीन महिन्यांहून जास्त दिवसांचं पाणी आहे. पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य. तेच आरओला दिलं तर मेम्ब्रेनवर ताण कमी पडतो, मीठ कमी लागतं, रिजेक्टही गोडं निघतं आणि आरओला जास्त पाणी पार करायला लावता येतं. सगळं साठवायला प्रचंड टाकी लागेल हे खरं, पण पन्नास हजार लिटरची झाकलेली टाकीसुद्धा पावसाळ्यात पुन्हा पुन्हा भरते. खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक सरकारी इमारतीवर हे व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि डायलिसिस सेंटरवर तर सगळ्यात आधी.

विजेचं थोडक्यात. मशीन प्रत्येक मिनिटाला अर्धा लिटर पाणी शरीराच्या तापमानापर्यंत कोमट करतं. पंचवीस अंशांचं पाणी सदतीसवर न्यायचं तर चार तासांत नुसत्या तापवण्यात पावणेदोन युनिटच्या आसपास वीज जाते, शिवाय पंप, आरओ आणि एसी. डायलिसिसच्या पाळ्या बहुतेक दिवसाउजेडी असतात, म्हणजे सौर पॅनेल वीज देतात नेमक्या त्याच वेळी. बाहेर जाणाऱ्या वापरलेल्या पाण्याची ऊब आत येणाऱ्या पाण्याला देणारी सोय काही मशीनमध्ये असते. खरेदीच्या निविदेत ती मागायला हवी.

आता कचऱ्याकडे. डायलिसिस संपलं की सिस्टर सलाइन सोडून नळ्यांतलं रक्त पेशंटला परत देतात, क्लॅम्प लावतात, सुया काढून दाबून धरतात. पाच मिनिटांत टेबलावर ढीग जमतो: रक्ताच्या नळ्या, दोन जाड सुया, सिरिंज, सलाइनची बाटली, ग्लोव्हज, रक्तानं भिजलेलं गॉज, आणि या सगळ्यांची वेष्टनं. मार्च २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. नळ्या, ग्लोव्हज, सुई काढलेली सिरिंज, सलाइनची बाटली लाल पिशवीत. रक्ताचं गॉज पिवळ्या पिशवीत. काच निळ्या डब्यात. वेष्टनं आणि खोकी यांपैकी कशातच नाहीत, ती साध्या सुक्या कचऱ्यात जायची. लाल पिशवीतला माल निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा प्लॅस्टिक म्हणून वापरता येतो. पिवळी पिशवी भट्टीत जळते. पीव्हीसीची नळी किंवा पिशवी चुकून पिवळीत गेली तर जळताना डायॉक्सिनसारखे विषारी वायू तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं दवाखान्यातला सुमारे ८५ टक्के कचरा घरच्या कचऱ्यासारखाच बिनधोक असतो. पण त्यात एक रक्ताळलेला बोळा पडला की सगळी बादली धोक्याची होते. पाण्याबाबत जे घडतं तेच इथे, फक्त गटाराऐवजी पिशवीत.

हे थांबवणं सिस्टरांच्या हातात असतं, आणि त्याहून जास्त बादलीच्या जागेत. वेष्टन फाडण्याची जागा ट्रॉलीपाशी असेल आणि सुक्या कचऱ्याची बादली दाराबाहेर, तर वेष्टन पिवळ्यातच पडणार. बादली ट्रॉलीला अडकवली की काम निम्मं होतं. भिंतीवरच्या रंगीत तक्त्यापेक्षा हे मला महत्त्वाचं वाटतं. डायलिसिसला लागणाऱ्या द्रावणांचे दहा-दहा लिटरचे कॅन हाही मोठा ढीग. ते संसर्गाचे नसतात, धुऊन भंगारात किंवा पुरवठादाराकडे परत जाऊ शकतात. बायकार्बोनेटची पावडर आणून द्रावण सेंटरमध्येच तयार केलं तर निम्मे कॅन येतच नाहीत आणि पाणी भरलेले डबे ट्रकनं वाहण्याचं इंधनही वाचतं.

कपड्यांबद्दलही आग्रह धरावा. एकदा वापरून फेकायचे गाऊन हल्ली सरसकट येतात. धुऊन, ऑटोक्लेव्ह करून पुन्हा पुन्हा वापरायचे कापडी गाऊन पर्यावरणाला कमी जड पडतात, असं या दोन्हींच्या तुलनांतून दिसून आलं आहे. खामगावसारखी जुनी कापूसपेठ असलेल्या जिल्ह्यात सुती कापडाची सवय मोडायला नको. धुण्याला पाणी लागतं, आणि तेच दुसऱ्या नळीतून वाहून जातं आहे.

आरोग्यसेवा जगाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे ४.४ टक्के वायू सोडते, असा अंदाज 'हेल्थ केअर विदाउट हार्म' या संस्थेनं २०१९ मध्ये मांडला. त्यात आपल्या तालुक्याच्या दवाखान्याचा वाटा नगण्य आहे. पण इथली झळ नगण्य नाही. उन्हाळा वाढला की शेतात राबणाऱ्याच्या शरीरातलं पाणी कमी होतं आणि किडनीवर ताण येतो. त्यामुळे या प्रकरणातली सगळ्यात मोठी बचत डायलिसिस सेंटरच्या बाहेर आहे. उपकेंद्रात आशाताईंनी बीपी आणि साखर वेळेवर तपासली, लघवीतल्या प्रथिनांची साधी पट्टी लावली, अंगदुखीच्या गोळ्या रोज खाणाऱ्याला थांबवलं, तर काही माणसं मशीनपर्यंत पोचणारच नाहीत किंवा काही वर्षं उशिरा पोचतील. एका पेशंटचं वर्षभराचं डायलिसिस म्हणजे, आठवड्याला दोनदा धरलं तरी, साडेबारा हजार लिटर शुद्ध पाणी आणि त्यासोबत वाहून जाणारं तेवढंच रिजेक्ट.

ज्यांना डायलिसिसची गरज आहे त्यांच्यासाठी मात्र मशीन वाढतीलच, आणि वाढली पाहिजेत. म्हणून मला ग्रामीण रुग्णालयांच्या नव्या इमारतींचे नकाशे महत्त्वाचे वाटतात. इमारत झाल्यावर फ्लशची वेगळी पाइपलाइन टाकायची तर फरशा फोडाव्या लागतात, प्रत्येक वॉर्ड बंद ठेवावा लागतो, आणि काम राहून जातं. भिंतीला प्लॅस्टर होण्याआधी हीच पाइपलाइन थोड्या खर्चात टाकता येते. त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अंदाजपत्रकात तीन ओळी पुरतात: आरओच्या खोलीबाहेर दोन हजार लिटरची झाकलेली टाकी, तिथून गच्चीवर पाणी चढवायला छोटी मोटर, आणि गच्चीवरून स्वच्छतागृहांपर्यंत वेगळ्या रंगाचा नळ. सेंटर आधीच सुरू असेल तर रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या सभेत हा विषय मांडावा. सभेला जाताना आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घेतलेल्या टीडीएसच्या नोंदी आणि रिजेक्टच्या मीटरवरचे आकडे सोबत न्यावेत, म्हणजे टाकी किती मोठी हवी आणि पाणी फ्लशला, धुण्याला की आणखी कशाला द्यायचं, हे तिथल्या तिथे ठरवता येतं.